कानात सासरेबुवा

“माझा आवाज कानात असला ना, तर ही पोरगी दहा किलोमीटर डोळे मिटून धावेल!” मास्तरांनी जेवताजेवता जाहीर केलं.

मास्तर म्हणजे सूनबाईचे सासरे. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेली. त्यांनी गाडीत “ब्रेक!” म्हटलं की फुटपाथवरून चालणारेसुद्धा जागच्या जागी थांबत. आणि या गृहस्थांनी जन्मात कुणाला शाब्बास म्हटलेलं नव्हतं. पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवा, अवघड चढावर गाडी न थरथरता उचला, मास्तरांकडून मिळायचं एकच: “बरं.”

सूनबाईलाही त्यांनीच शिकवलं होतं. तिलाही “बरं”च मिळालं होतं. आणि काय वेडेपणा बघा, औषधांचं अख्खं दुकान एकहाती सांभाळणारी ही बाई एका शाब्बासकीसाठी आतून झुरत होती! गावातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत तिनं नाव घातलं होतं, आणि तिथं वेळेच्या आत पोचलं की माईकवर नाव पुकारतात. चारचौघांत सुनेचं नाव पुकारल्यावर तरी मास्तरांच्या तोंडून तो शब्द निघेल, असा तिचा हिशेब होता. अर्थात हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

भांडण होतं ते गाण्यांवरून. ती गाणी ऐकत धावायची आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“कानात बोळे घालून धावायचं म्हणजे आरसे काढून गाडी चालवायची! मागून कोण येतंय, कोण काय ओरडतंय, कळायला नको?”

“बाबा, गाणी नसली की मला माझे गुडघे ऐकू येतात. ते फार कुरकुरतात हो!”

“मग ऐकावं त्यांचं! इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय गिअर कसा बदलणार?”

शेवटी तडजोड झाली. शर्यतीच्या दिवशी गाणी नाहीत आणि शांतताही नाही. मास्तर स्वतः सूचना रेकॉर्ड करून देणार! सासूबाईंना शेजारी बसवून, शिकवायची गाडी पहिल्या गिअरमध्ये सुनेच्या वेगानं हाकत ते सगळा मार्ग फिरून आले. रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये घालून म्हणाले, “यात चुकायला जागाच नाही.”

शर्यत सुरू झाली आणि खरं सांगायचं तर पहिला अर्धा भाग बहारीचा गेला. कानात मास्तर बोलत होते, “खांदे सैल सोड. पुढं खड्डा आहे, उजवीकडून घे. आता चढ, दम राखून.” आणि खड्डा बरोब्बर तिथं! चढ बरोब्बर तिथं! सूनबाईला वाटलं, पाठीवर कुणी हात ठेवून पळवतंय. ती एकेकाला मागं टाकत चालली.

मग आला तो फाटा. बाण उजवीकडे होता. कानात मास्तर म्हणाले, “डावीकडे घे.”

ती डावीकडे वळली. बाण दिसला नाही असं नाही, पण त्या आवाजापुढं तिचे पाय कधी प्रश्न विचारत नसत. फाट्यावर उभी असलेली स्वयंसेवक मुलगी शिट्टी फुंकून फुंकून लाल झाली, “अहो ताई, तिकडे नाही!” पण ताईंच्या कानात सासरे होते. मागून येणाऱ्या चाळीसेक जणांच्या कानात आपापली गाणी होती. प्रत्येकानं पुढच्याची पाठ धरलेली. सगळी वरात डावीकडे!

गल्ली संपली, एक फाटक आलं, आणि सूनबाई पाहते तो काय! मास्तरांचं गाडी शिकवायचं मैदान! मधोमध चुन्यानं आखलेला मोठा आठचा आकडा आणि त्यावरून कासवाच्या गतीनं गाडी फिरवणारे एक शिकाऊ आजोबा. फाटकातून चाळीस माणसं धावत येताना पाहून आजोबांनी दोन्ही हात वर केले. गाडी आपोआप बंद पडली. मागच्यांना वाटलं मार्ग असाच आहे, म्हणून ते इमानेइतबारे आठच्या आकड्यावरून धावू लागले!

आणि नेमकं तेव्हाच कानात मास्तरांचा आवाज बदलला. “च्! अरेच्चा! हे तर आपलं ग्राउंड!”

“सवयीनं वळलात की हो!” हा सासूबाईंचा आवाज. “आता पोरीला पण इथंच आणाल.”

“पुसतो ना. हे बटण दाबलं, झालं बंद.”

बंद कसलं होतंय! रेकॉर्डिंग चालूच होतं.

“अहो, एकदा तरी शाब्बास म्हणा तिला. किती राबते, वर धावते.”

मास्तरांनी उगाचच एकदा हॉर्न वाजवलेला ऐकू आला.

“तोंडातून निघत नाही गं. माझ्या वडिलांनी कधी म्हटलं नाही, मला जमतच नाही. पहाटे ती निघते ना, तेव्हा मी गॅलरीत उभा असतो. कोपऱ्यावर वळेपर्यंत बघतो. मनात रोज म्हणतो. शाब्बास पोरी, शाब्बास.”

सूनबाई आठच्या बरोबर मध्यावर उभी राहून रडायला लागली.

तोवर बाकीच्यांच्या लक्षात आलं होतं. “कोण होतं पुढं? या बाई? कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला इकडे वळायला?”

“कुणी नाही,” ती नाक पुसत म्हणाली. “माझीच चूक. चला परत!”

सगळे परत फिरले. ती शेवटच्या रेषेवर पोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. माईकवाला वायरी गुंडाळत होता. नाव पुकारायला कुणी नव्हतं. फक्त मास्तर होते, घड्याळ हातात घेऊन, चेहरा काळजीनं ओढलेला. शेजारी सासूबाई.

“कुठं होतीस? जीव टांगणीला लागला होता माझा!”

“फाट्यावर डावीकडे वळले, बाबा.”

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला आणि मग दुप्पट चढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे... ते पुसलं गेलं नाही? तू सगळं ऐकलंस?”

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. अख्ख्या गावाला घाम फोडणारा माणूस, चोरी पकडली गेल्यासारखा बुटाच्या टोकानं माती उकरत होता. तिला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगावं!

“नाही हो बाबा. तुमचं रेकॉर्डिंग मी लावलंच नाही. गुपचूप गाणीच ऐकत होते. त्या नादात चुकले.”

सासूबाईंनी तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि तिचा हात हातात घेतला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, मागून धापा टाकत येणाऱ्या चाळीस जणांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, “तरी मी घसा फोडून सांगत होतो! धावताना गाणी ऐकू नयेत!”