शंभर टक्के राज्याची आणि कोपऱ्यातल्या फोटोची बखर

श्री. नमन त्या फळ्याला, नमन घंटा म्हणून टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्याला, आणि नमन त्या देवाला जो परीक्षेच्या सकाळी सगळ्यांचा असतो आणि निकालाच्या दुपारी थोड्यांचाच उरतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी हे वर्तमान लिहिलं. खरं सांगतो, लिहिणारच नव्हतो. टाइप केलं आणि पुसलं, परत टाइप केलं आणि परत पुसलं. कारण आमच्या दहावीच्या बॅचचा इतिहास ग्रुपवर तयारच आहे, ड्रोननं काढलेला व्हिडिओ आहे, मागं गाणं लावलंय, सगळे हसतायत आणि खाली बदामांचा पाऊस पडलाय, मग माझ्या बखरीला कोण विचारतो. पण व्हिडिओत जो नाही तो कधी नव्हताच असं ठरून जातं, आणि ते मला बघवेना. म्हणून जैसं घडलं तैसं सांगतो. पदरचं काही घालत नाही.

राज्य म्हणजे आमची शाळा. नाव लिहीत नाही. तालुक्याच्या गावी बाजारतळाच्या मागं हे पत्र्याचं राज्य नांदत होतं, पाचवी ते दहावी असे सहा परगणे, आणि गादीवर हेडसर कस्तुरे सर विराजमान होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. सफारी घालून यायचे, मारायचे कमी, आजारी पोराला स्वतःच्या स्कूटरवर घरी सोडायचे. पण हायवेला टाय-बुटाचं नवीन राज्य उभं राहिलं आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या गल्लीगल्लीतून आमची रयत उचलून नेऊ लागल्या, आणि मग पट घसरला, आणि मग मास्तरांच्या नोकऱ्या हलायला लागल्या, आणि मग संस्थेची थोर मंडळी खलबतास बसली आणि हुकूम सुटला की दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, चौकातल्या फ्लेक्सवर शंभर दिसला तरच पोरं येतील. त्या दिवसापासून शंभर हाच देव झाला. आणि शंभर आणायचे दोन रस्ते असतात. सगळ्यांना शिकवणं हा एक, तो लांबचा. दुसरा जवळचा. जे पडतील त्यांना मोजायचंच नाही.

शके एकोणीसशे छत्तीस, संवत्सराचं नाव जय. हसू नका, खरंच जय होतं. नववीचा निकाल लागला आणि हेडसरांनी कच्च्या पोरांचे आईबाप एकेक करून दरबारी बोलावले. त्यात रेवण हत्तरगे होता. रेवण म्हणजे पाचवीपासून माझ्या बाकावरचा गडी, अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहायचा मान त्याचाच, आणि गणितात असा की पाढा बोलताना सातावर जाऊन बसायचा आणि उठायचाच नाही. त्याची आई भागीरथीकाकू शेवयांच्या गिरणीत कामाला होती, हाताला मैदा तसाच घेऊन ती आली, आणि मी दाराबाहेर रेवणसोबत उभा होतो म्हणून सगळं ऐकलं. हेडसर गोड आवाजात बोलते झाले, "ताई, पोरगं गुणाचं आहे. नापास करायचं माझ्या जिवावर येतं. मी नववी पास करून देतो. फक्त दहावीला बाहेरून बसवू. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाकी सगळं तेच." काकू म्हणाली, "म्हंजी शाळेत यायाचं न्हाई का त्यानं?" सर म्हणाले, "यायची गरजच नाही. घरी अभ्यास करेल, तुम्हाला हातभार लावेल, परीक्षेला जाईल. मार्कशीट सारखीच येते." काकूनं मैद्याचे हात जोडले आणि म्हणाली, "लई उपकार झाले सर. एवढं कोण करतंय." आणि घरी जाऊन तिनं गल्लीत पेढे वाटले, की पोरगं दहावीत गेलं आणि सरांनी त्याला घरी बसून परीक्षा द्यायची सवलत काढून दिली. तो पेढा मी पण खाल्ला. रेवणनं नाही खाल्ला. तो म्हणाला, "लका, मला काढला रे." मी म्हटलं, "काय नाही, बाहेरून तर बाहेरून." चौदा वर्षांच्या पोराला याहून जास्त सुचत नाही.

मग दहावीचं वर्ष आलं आणि आम्ही आत आणि रेवण बाहेर असं सुरू झालं. पहिले काही महिने तो मधल्या सुट्टीत कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, आज काय झालं, आणि आम्ही सांगायचो, आणि मग आम्हालाच सांगायचा कंटाळा आला आणि मग तोच यायचा बंद झाला, कारण तो फ्लेक्सच्या दुकानात लागला होता. परीक्षा झाली. राज्याचा निकाल शंभर टक्के लागला, मी काठावर का होईना त्या शंभरात बसलो. गुलाल उधळला, हलगी वाजली, हेडसरांना पोरांनी खांद्यावर घेतलं. रेवण दुसऱ्या गावच्या केंद्रावर बसून गणितात गेला. परत बसला, परत गेला. मग बसला नाही. आईला म्हणाला पास झालो, आणि तिला वाचता येत नाही म्हणून तिनं मानलं. आणि चौकात जो 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' असा फ्लेक्स लागला तो त्यानं दुकानात शिकाऊ असताना छापला, त्याचं पहिलं काम. आता विचाराल की शंभरानं राज्य वाचलं का. नाही वाचलं. आता आसपासच्या सगळ्याच राज्यांचे निकाल शंभर लागतात, मग शंभराला कोण विचारतो. पिवळ्या गाड्या येतच राहिल्या, परगणे एकेक करून ओस पडले, आणि आज तिथं दोनच वर्ग भरतात आणि बाकी खोल्यांत निवडणुकीचं सामान ठेवतात.

तर दहा वर्षं लोटली आणि ग्रुपवर गेट-टुगेदरची हाक उठली. ग्रुपचा अॅडमिन शैलेश गव्हाणे, तोच आता आमच्या बॅचचा कारभारी, प्लॉटिंगचा धंदा करतो, मन मोठं, तोंड त्याहून मोठं. त्याची स्वारी रेवणच्या दुकानी आली, आता दुकान रेवणचंच आहे, आणि मी तिथं चहाला बसलो होतो. शैलेश म्हणाला, "रेवणशेठ, मोठ्यातला मोठा फ्लेक्स पाहिजे. आपले सगळ्यांचे फोटो आणि सगळ्यांना फेटे घाल." रेवण म्हणाला, "पोरींना पण?" "पोरींना पण. आणि मला जरा पुढं घे, मधोमध, कार्यक्रम मी करतोय." रेवण म्हणाला, "तू सगळीकडं पुढंच असतोस लका, वर्गात तेवढा शेवटच्या बाकावर होतास." शैलेश खदखदून हसला, त्याच्या पाठीत एक घातली आणि गेला.

मग रेवणनं कॉम्प्युटरवर सगळी बॅच मांडली. एकेकाचं डोकं कापून, टक्कल झाकून, फेटा बसवून ओळीत लावलं. माझे कान त्यानं जरा लहान केले. आणि सगळं झाल्यावर एक फोटो उघडला, तो त्याचाच, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बसवला, सगळ्यात बारीक. मी म्हटलं, "अरे वर घे की, दिसतोयस का तिथं?" तो म्हणाला, "बास एवढं. आईला सांगितलंय, फोटो लागणार म्हणून. ती येणार आहे बघायला." काकूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला भिते. तरी ती येणार होती. नमुना ग्रुपवर गेला आणि अंगठे पडू लागले आणि मग एकीनं विचारलं, कोपऱ्यात कोण आहे? दुसऱ्यानं लिहिलं, फ्लेक्सवाला रेवण. तिसऱ्यानं लिहिलं, जाहिरात का? मग हसऱ्या तोंडांची रांग. मग कोणी लिहिलं, तो आपल्या बॅचला नव्हता ना, बाहेरून बसलेला. मी लिहिलं की पाचवीपासून होता. त्यावर शैलेशचा फोनच आला, रेवणनं स्पीकरवर टाकला.

"रेवण, राग मानू नको भावा. तेवढा कोपऱ्यातला काढ."

मी मध्येच बोललो, "का काढ? तुझ्या सगळ्या प्रयोगवह्या कुणी लिहिल्या रे?"

"मला कळत नाही का? पण याला घेतला तर त्या वर्षी बाहेर बसवलेली बाकीची पोरं पण येतील विचारायला. आणि आपण सरांचा सत्कार कशासाठी ठेवलाय? शंभर टक्क्यांसाठीच ना? मग स्टेजवर काय सांगू? रेवण, तू ये की कार्यक्रमाला. जेवायला ये. तू काय परका आहेस का?"

रेवण म्हणाला, "चुकून राहिला होता. काढतो." आणि काढला. रिकाम्या जागी नऊवारी नेसलेली, हात जोडलेली सुस्वागतमची बाई लावली, प्रत्येक फ्लेक्सवर असते तीच. काम चोख केलं. मी म्हटलं, तू नको करू हे काम, दुसरीकडं जाऊ देत. तो म्हणाला, "दुसरीकडं तुझे कान मोठे येतील." आणि हसला. मला नाही हसू आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भर उन्हात रेवणच शिडीवर चढला आणि कार्यक्रमाच्या हॉलच्या गेटवर तो फ्लेक्स बांधला, मी शिडी धरली. तेवढ्यात कस्तुरे सरांची स्वारी आली, आता थकलेत, काठी आहे. रेवण खाली उतरून पाया पडला. सर म्हणाले, "हत्तरगे ना? सुविचार लिहायचास तू. काय अक्षर होतं! आता काय करतोस?" "फ्लेक्स, सर. हा मीच केलाय." सरांनी फ्लेक्सकडं बघितलं आणि म्हणाले, "छान, छान. बघ, तेव्हा आपण योग्य तेच केलं. धंद्याला लागलास." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मायेनं फिरवला, ते मी डोळ्यानं पाहिलं, आणि तेच मला सहन होत नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सर आत गेले आणि हलगी वाजली.

आणि मग भागीरथीकाकू आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर, कपाळावर हात धरून ती फ्लेक्सखाली उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं हाईस रे?" तिनं मान मागं टाकून एकेक तोंड बघितलं, सगळ्यांना तसलेच फेटे, आणि मग मधोमध बोट दाखवलं, जिथं शैलेश होता. "ह्यो न्हवं? नाक बापावर गेलंय बघ." रेवण म्हणाला, "हो आई, तोच." "मधीच घेतलंय की रे तुला!" "सरांनीच सांगितलं." मग ती माझ्याकडं वळली, "आन् तू कुठं?" मी मागच्या ओळीतला माझा फोटो दाखवला, तर ती हसून म्हणाली, "तू मागं पडलास की रं." आत तेव्हा हजेरीचा खेळ सुरू झाला होता, सर माईकवर नावं घेत होते आणि पोरं लहान होऊन ओरडत होती, हजर सर, हजर सर. काकू कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुझं नाव कधी येतंय?" रेवण म्हणाला, "माझं होऊन गेलं आई. तू यायच्या आधीच." मग तिनं पायातली चप्पल काढली आणि हॉलच्या दिशेनं, सर बसले होते तिकडं, हात जोडले.

एवंच राज्य झालं, शंभर आला, राज्य गेलं, आणि शंभर तेवढा फोटोत राहिला. जे बाहेर बसवले ते बाहेरच आहेत आणि ज्यांनी बसवले त्यांना झोप चांगली लागते. कार्यक्रम संपल्यावर फ्लेक्स काकूनं मागून घेतला आणि आता तो तिच्या अंगणात सावलीला बांधलाय, त्याच्याखाली बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला पोरगं दाखवते. आणि रेवण, तू हे वाचशील म्हणून इथंच तुला शब्द देतो. काकूनं मला विचारलं, तर मी पण त्या शैलेशच्या तोंडावर बोट ठेवेन आणि म्हणेन, हाच की काकू, हाच आपला रेवण, आणि ती असेपर्यंत दरवेळी म्हणेन.