चाळीस वर्षं मुरलेला रिकामा पेला

नाना पवसकर दर शुक्रवारी रियाधमध्ये बसून चाळीस वर्षं मुरलेली पोर्ट वाइन चाखत, दोघा-चौघांना चाखवत, आणि तरी कायद्याच्या केसालाही धक्का लावत नसत! "ह्याला डोकं लागतं," असं ते स्वतःच म्हणत. दुसरं कुणी म्हणेल याची वाट बघत बसण्याइतका धीर नानांकडे नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, ज्या देशात थेंब सापडला तर माणूस आधी आत आणि मग थेट विमानात, तिथे ही वाइन आली कुठून? अहो, आलीच नव्हती! बाटली नाही, बूच नाही, काही नाही. होते ते चहाचे पाच छोटे काचेचे पेले, धुऊन पुसून कोरडे केलेले, आणि नानांची जीभ.

अल सुलैच्या गोदामांमागे कंपनीचा कॅम्प होता. हॉटेलांचं लाकूडकाम करणारी कंपनी. नाना तिथे बावीस वर्षं स्टोअरकीपर. त्याआधी सुतार, आणि त्याच्याही आधी तरुणपणी गोव्यात एका म्हाताऱ्या बाबाच्या बंगल्यात दोन महिने कपाटं दुरुस्त करायला होते. त्या दोन महिन्यांवर नानांनी पुढची तीस वर्षं काढली. शुक्रवारी जेवणं झाली की खोली नंबर चौदामध्ये बैठक बसायची. संगमेश्वरचा सुतार नागेश सगळ्यांच्या आधी येऊन पेले मांडून ठेवायचा. दापोलीकडचा एसी मेकॅनिक कादिर जुम्म्याची नमाज आटपून यायचा आणि दारातच सांगायचा, "मी फक्त ऐकणार हां नाना. माझ्या पेल्यात काळा चहा आहे, सगळ्यांनी बघून घ्या."

मग नाना डोळे मिटायचे.

"पेला खालून धरा. नागेश, तो पेला आहे, रंधा नाही! हलका धर. आता रंग बघा. लालभडक! डाळिंबाचा दाणा उन्हात धरलाय जसा. दिसला?"

"दिसला," नागेश म्हणायचा.

"द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात कडक ब्रँडी ओततात. मग आंबणं जागच्या जागी थांबतं आणि गोडवा आत अडकून बसतो. मग लाकडी पिंपात चाळीस वर्षं! तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मुरतेय ती. आता वास घ्या. आधी मनुका, मग लवंग, मग जुन्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तो वास. आला?"

"कपाटाचा आला. मनुका नाही आली," कादिर म्हणायचा.

"तू ऐकायला आलायस ना? गप ऐक. आता एक घोट. जिभेवर धरून ठेवायचा, गिळायचा नाही."

सगळे गाल फुगवून बसायचे. खोलीत एसीचा तेवढा आवाज.

"नागेश! गिळलास!"

"चुकून गेली हो नाना."

"चुकून? अरे चाळीस वर्षं! आणि तू ताकासारखी ढोसतोस? आण इकडे पेला." मग नाना हवेतली बाटली तिरकी करून नागेशचा पेला पुन्हा भरायचे, आणि शेवटचा थेंब बाहेर सांडू नये म्हणून मनगट हळूच फिरवायचे. असं सगळं छान चाललं होतं.

आणि नेमकी त्याच वर्षी सौदीकरणाची वरात अल सुलैच्या गोदामांपर्यंत येऊन पोचली. दुकानदार झाले, रिसेप्शनवाले झाले, आता स्टोअरकीपर. सगळ्या जागा सौदी पोरांना द्यायच्या, असा हुकूम. कंपनीत दोन स्टोअरकीपर होते. ठरलं असं की त्यातल्या एकाला वर्षभर ठेवायचं, नव्या पोरांना काम शिकवायला. तो एक म्हणजे नाना, पण वागणूक स्वच्छ असल्याचा शेरा फाइलवर पडला तरच! तो शेरा मारणार होत्या एचआरच्या नव्या बाई, अरवा मॅडम. वय सत्तावीस, डोक्यावर काळा शेला, हातात टॅब्लेट, आणि चेहऱ्यावर कसलीच रेष हलायची नाही. नानांची मुलगी स्वप्ना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ते एक वर्ष निघालं की नाना सुखाने घरी जायला मोकळे. "एवढं एकच वर्ष दे रे बाबा," असं ते रोज आंघोळीच्या वेळी देवाला सांगत होते.

देवाने ऐकलं असतंही. पण नागेश ऐकेना! एका शुक्रवारी गड्याने लागोपाठ तीन रिकामे पेले रिचवले. तिसऱ्यानंतर त्याचे डोळे पाणावले. त्याला बायकोची आठवण आली, मग म्हशीची आली, मग तो उभा राहून गावच्या शिमग्यातलं नमन म्हणायला लागला, तेही वरच्या पट्टीत. शेवटी त्याने नानांच्या गळ्यात हात टाकून आरोळी ठोकली, "नाना, अजून एक! अर्धीच! तुम्हाला माझी शपथ!"

खोल्यांमधल्या भिंती प्लायवूडच्या. पलीकडे राहायचा बिहारचा फोर्कलिफ्टवाला. रविवारी सकाळी तो गोदामाच्या दारात नानांची वाट अडवून उभा.

"नाना जी, एक बोतल हमको भी."

"अरे बाबा, कुछ नहीं है! खाली गिलास है."

"खाली तो होगा ही. आप लोग छोड़ते कहाँ हैं!"

दुपारपर्यंत केरळच्या कुकने नानांच्या ताटात न मागता दोन सुरमईचे तुकडे वाढले आणि डोळा मारला. सोमवारी ड्रायव्हर लोकांत बाटलीचं पिंप झालं. मंगळवारी त्याची दोन पिंपं झाली आणि ती प्लायवूडच्या ढिगाखाली पुरली असल्याचंही ठरलं. नाना प्रत्येकाला हात जोडून "नाही रे" म्हणत होते. पण त्या फोर्कलिफ्टवाल्याने जाता जाता हळूच विचारलं, "कितना पुराना माल है?" इथे नानांनी तोंड मिटून घ्यायला हवं होतं की नाही? पण नाना ते! छाती जरा पुढे आली आणि म्हणाले, "चालीस साल."

झालं! बुधवारी गोष्ट राजाभाऊ आगाशेंपर्यंत पोचली.

राजाभाऊ म्हणजे ॲडमिन मॅनेजर. मूळचे पुण्याचे. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही, असं ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या कॅम्पला उभं करून सांगत. त्यापुढे निर्व्यसनीपणावर तासभर व्याख्यान. माणूस वाईट नव्हता, पण कुणी चुकीचं बोललं तर त्यांना राहवायचं नाही. त्यांनी विमानतळावर इमिग्रेशनवाल्याला त्याच्याच शिक्क्यावरची तारीख दुरुस्त करून दिली होती, आणि त्यापायी चार तास बाकड्यावर बसले होते. अशा माणसाच्या कानावर दोन पिंपं गेल्यावर काय होणार! राजाभाऊंनी तक्रार लिहिली, सही केली आणि अरवा मॅडमकडे पाठवली.

लगेच झडती. खोली चौदामधून सिक्युरिटीने काय जप्त केलं? पाच पेले, अर्धा पुडा फरसाण आणि खोबरेल तेलाची बाटली. ती तिघांनी आळीपाळीने हुंगली. मग गोदामातला प्लायवूडचा अख्खा ढीग उपसला. खाली फरशी! तो ढीग परत रचून घ्यायचं काम अर्थातच स्टोअरकीपरकडे, म्हणजे नानांकडेच आलं.

गुरुवारी सकाळी चौकशी. कागद अरबीत करायचा म्हणून सगळं अरबीत, आणि दुभाषा म्हणून कादिर. टेबलाच्या एका बाजूला अरवा मॅडम, त्यांच्या शेजारी ताठ बसलेले राजाभाऊ, समोर नाना. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच पेले.

"मॅडम विचारतात, बाटली कुठाय?" कादिर म्हणाला.

"बाटली नाहीच! आम्ही रिकाम्या पेल्यातून पितो."

कादिरने अरबीत सांगितलं. मॅडमने ते टॅब्लेटवर लिहिलं, मग वाचलं, मग वर बघितलं.

"त्या विचारतात, रिकाम्या पेल्यातून पिऊन माणूस गातो कसा?"

साक्षीला नागेशला आत बोलावलं. नागेशने आल्या आल्या गळ्याची शपथ घेतली. "मॅडम, आईशप्पत, पेल्यात काय पण नसतं!"

नानांच्या जिवात जीव आला.

"पण चढते, हे मात्र खरं! खोटं कशाला बोलू?"

"नागेश!" नाना किंचाळले. कादिरने हे भाषांतर करायच्या आधी दोनदा खाकरून घेतलं.

आता मात्र नानांना पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमच्या पाठवणीचा शिक्का डोळ्यांपुढे दिसायला लागला. स्वप्नाचं वर्ष गेलं, सगळं गेलं! त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

"मॅडम, मी पोर्ट कधी चाखलेलीच नाही! तो म्हातारा बाबा रोज संध्याकाळी एकटा प्यायचा. मी शिडीवर, कपाटाच्या फळ्या बसवत. तो पिता पिता चव सांगायचा आणि मी ऐकायचो. एक घोटसुद्धा दिला नाही हो मेल्याने!"

"खोटं बोलताहेत!" नागेश उसळून म्हणाला. त्याला मनापासून राग आला होता. "न चाखता असं सांगता येणारच नाही! मॅडम, हा माणूस सांगतो तेव्हा माझा घसा गरम होतो!"

अरवा मॅडमने पिशवीतून एक पेला काढला आणि नानांपुढे ठेवला. "त्या म्हणतात, करून दाखवा," कादिर म्हणाला.

काय करणार? नानांनी पेला खालून धरला आणि सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं अडखळली. पण मग जीभ सुटली! मनुका आल्या, लवंग आली, कपाटाचं दार उघडलं. कादिर एकेक वाक्य अरबीत नेत होता, सिक्युरिटीवाला दारातून दोन पावलं आत आला होता, नागेशने तर गालही फुगवले होते. राजाभाऊंची मात्र खुर्चीत चुळबुळ चालली होती. टाय सैल केला, पुन्हा आवळला, पेन उघडलं, बंद केलं.

"आणि रंग!" नाना म्हणाले. "चाळीस वर्षं पिंपात राहूनसुद्धा लालभडक, डाळिंबासारखा..."

"चूक!" राजाभाऊ टेबलावर हात आपटून ओरडले. "साफ चूक! चाळीस वर्षं लाकडात राहिल्यावर लाल राहीलच कशी? लाली सगळी उडून जाते! कोऱ्या चहासारखी तपकिरी होते! आणि लवंग कसली घेऊन बसलात? अक्रोड! अंजीर! आणि शेवटी किंचित संत्र्याची साल!"

सिक्युरिटीवाला सोडून सगळे राजाभाऊंकडे बघायला लागले, आणि मग तोही बघायला लागला. राजाभाऊंचा हात टेबलावर तसाच राहिला. कपाळावर घाम, तोही एसीत!

मॅडमने कादिरकडे वळून विचारलं, साहेब काय म्हणाले?

कादिरने राजाभाऊंकडे बघितलं. राजाभाऊंनी कादिरकडे बघितलं. शेवटी कादिर अरबीत सावकाश म्हणाला, "साहेब म्हणतात, या माणसाने सांगितलेलं सगळं चुकीचं आहे. याने ती वस्तू आयुष्यात चाखलेली नाही."

"साहेबांना कसं माहीत?"

"साहेबांनी... पुस्तकात वाचलंय," कादिर म्हणाला.

अरवा मॅडम राजाभाऊंकडे वळल्या. मग ओठाचा कोपरा जरासा, अगदी जरासा हलला. त्यांनी टॅब्लेटवर बोट फिरवलं, शेरा मारला आणि थेट इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर नाना, युवर रेकॉर्ड इज क्लीन. वन इयर." मग उठता उठता राजाभाऊंना म्हणाल्या, "अँड सर, दॅट मस्ट बी अ व्हेरी गुड बुक."

नागेश बाहेर पॅसेजमध्ये उड्या मारत थांबला होता. पण नाना लगेच बाहेर आलेच नाहीत. राजाभाऊ आपल्या केबिनमध्ये पाणी पीत होते, तिथे नाना हळूच शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"साहेब," ते म्हणाले, "त्या संत्र्याच्या सालीचं जरा सविस्तर सांगता का?"

"पवसकर, बाहेर व्हा!" राजाभाऊ म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पडदा ओढला आणि आवाज खाली आणला. "बसा. लिस्बनला ट्रेनिंगला गेलो होतो. तीन दिवस. पहिली गोष्ट, पेला खालून नाही धरायचा, दांडीला धरायचा."

अर्ध्या तासाने नाना बाहेर आले. नागेशने त्यांना मिठीच मारली. "नाना, इकामा झाला! राहायचा परवाना वाढला! वर्ष मिळालं! स्वप्नाचं झालं!"

"झालं रे," नाना म्हणाले, आणि तिथेच पायरीवर मटकन बसले.

"मग तोंड असं का?"

नानांनी नागेशचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं. "नागेश, मला माफ कर रे बाबा. इतके दिवस मी तुम्हाला भेसळीची पाजली!"

नागेशने क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारला.

"तरीच शनिवारी डोकं दुखायचं!"