गिरजाबाईचा तांब्या

खालच्या वाडीत नमिताला बसायला खुर्ची मिळाली, चहा फुलाफुलांच्या कपबशीतून आला आणि पाणी लख्ख पितळी तांब्यातून. तिचं मत तिथेच बनून गेलं.

रोह्याच्या संस्थेनं तिला धरमतरच्या खाडीकडच्या दोन वाड्या पाहायला पाठवलं होतं. पाण्याची टाकी होती एकच. जी वाडी जास्त गरीब, तिला ती मिळणार होती. नमिताची ही पहिलीच पाहणी, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून कडेवर आठ महिन्यांचा साईराज.

तो तांब्यावर ठोकून काढलेल्या अक्षरांवर बोट फिरवत होता. 'गिरजाबाई'. घरच्या बाईची, शांतीची, सासू असेल, नमिताला वाटलं. शांती मिठागरावर कामाला जायची. आज पाहुणीसाठी घरी राहिली होती.

"पाण्याचं कसं काय, शांती?"

"चाललंय की. पाहुण्याला कमी नाय पडत."

तेवढ्यात साईराजनं लंगोट भरवला. शांतीनं भरलेला हंडा पुढे सरकवला. "घे गो ताय, लाजू नको. पोराला नीट धू."

नमितानं नीट धुतलं. एकदा धुऊन समाधान होईना म्हणून परत धुतलं. उरलेल्या पाण्यात लंगोट खळबळून काढला आणि वहीत लिहिलं, 'भांडीकुंडी भरपूर. पाण्याची अडचण दिसत नाही.'

वरची वाडी शेतांच्या बांधांवरून अर्ध्या तासावर. तिथे पहिल्याच घरात फळीवर एकही भांडं नव्हतं. म्हातारीनं गोणपाट अंथरलं आणि नारळाच्या करवंटीतून पाणी दिलं. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात सगळे पानावर भात जेवत होते. म्हातारीकडे परत येऊन नमितानं लिहिलं, 'अत्यंत गरीब. प्यायला भांडंसुद्धा नाही,' आणि अंगठा घेण्याआधी वाचून दाखवलं.

म्हातारीचा अंगठा शाईवरच थांबला.

"भांडं नाय कसं? सकाळीच समदी खालच्या वाडीत दिलीत. रोह्याची बाय येनार म्हनून शांती पाटीभर घेऊन गेली. खुर्चीपन आमचीच. तांब्यातनं पानी दिलं का नाय तुला? त्यावर माझं नाव हाय."

नमिताचे कान तापले. तिनं हळूच विचारलं, "आणि पाणी?"

"ते आमच्याच हिरीचं. खाली समदं खारट. दिसाला घरटी एक हंडा नेतात डोईवरनं."

साईराज तिच्या मांडीवर स्वच्छ, कोरडा, निवांत झोपला होता.

एवढ्यात दारात शांती आली. डोक्यावर भांड्यांची पाटी, कमरेला रिकामा हंडा.

"शांती, अगं मला सांगायचंस ना."

"काय सांगू, ताय? लेकरू घेऊन उन्हातनं आलीस. दारच्या पाहुणीला काय गरिबी वाढायची?"

नमितानं दोन्ही पानं खोडली. खोडताना वर पाहवेना. मग खालच्या वाडीपुढे 'टाकी द्यावी' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. गिरजाबाईनं मान डोलावली. "बरोबर हाय. आमाला हीर हाय."

"आता पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब येतील, स्वतः बघायला. ते म्हणतील तेच खरं," नमिता म्हणाली.

शांतीनं पाटी उतरवायला घेतली होती. ती थांबली.

"मग ही ऱ्हाऊ दे का गो आमच्याकडं, गिरजाकाकू, आठवडाभर? सायबाला काय करवंटीत पाजायचं?"