शिवाचं पथ्य

महादेव सुरमईचा तुकडा वाढायला वाकले, तसा शिवाने ताटावर आडवा हात धरला आणि लगेच तो मांडीखाली लपवला.

शिवाच्या मुलासाठी, प्रणितसाठी, मुलगी बघायला मंडळी नेऱ्याहून शिरढोणला आली होती. शिवाच्या तळहातांना, तळपायांना चार वर्षं इसब होतं. पनवेलच्या डॉक्टरांनी मासळी, अंडी, शेंगदाणे दीड महिना बंद करून मग एकेक सुरू करून बघायला सांगितलं होतं. आज विसावा दिवस. भेगा पहिल्यांदाच मिटत होत्या. पण निघतानाच बायकोने, चंद्रावतीने, बजावलं होतं, "इसबाचं नाव काढू नका. लागट रोग म्हणतील नि सोयरीक मोडंल."

"पोरगी पसंत नाय का?" मुलीच्या बापाचा, महादेवांचा, आवाज उतरला. पहिल्याच जेवणात मासळी नाकारायची, याचा दुसरा अर्थ काय घ्यायचा?

"तसं नाय. मी... माळ घालनार हाय."

"घरात सगळ्यांनीच सोडलंय," चंद्रावतीने सावरलं.

प्रणितला ठसका लागला. त्याच्या तोंडात सुरमईच होती.

"त्याचा हा शेवटचा तुकडा," ती म्हणाली.

सोयरीक जमली. चार दिवसांनी महादेवांचा फोन आला. "तुमचा मान म्हणून आमच्या हळदीला मटण रद्द. तुमच्याकडं तर प्रश्नच नाय!"

बातमी भावकीत पोचली. चुलतभाऊ धर्मराज दारातूनच ओरडला, "हळद हाय का दहावा? बिनमटनाचं कोन येनार?" प्रणितने बापाशी बोलणं टाकलं.

आणखी चार दिवसांनी पुन्हा फोन. "आमची हेतल लग्नाला नाय म्हनते. या एकदा."

इसबाचं कळलं असणार, शिवाला वाटलं. तो एकटाच शिरढोणला गेला. चिवड्याची बशी समोर आली, पण तो बसलाही नाही. दोन्ही तळहात पुढे धरून म्हणाला, "इसब हाय. लागट नाय, ही डॉक्टरांची चिठ्ठी. माळबीळ काय नाय, आमी खोटं बोललो."

महादेवांनी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हंजे तुमच्या घरात मच्छी खातात?"

"रोज. बंद फक्त मला, तेपन दीड महिना."

"हेतल!" महादेव आत वळून ओरडले. "खातात गं, खातात! चार दिवस रडून घर डोक्यावर घेतलंस!"

हेतल डोळे पुसत बाहेर आली. तिने चिठ्ठी मागून घेतली, तारखेसकट वाचली, बोटांवर हिशेब केला आणि शिवासमोरची चिवड्याची बशी उचलली.

"यात शेंगदाणे हायत," ती शिवाला म्हणाली. "अजून सतरा दिवस, पप्पा."