भुजंगकाका शेवटच्या थांब्यापर्यंत

लातूरच्या गंजगोलाईहून सुटणाऱ्या कोणत्याही शहर बसमध्ये भुजंगकाका चढले की आधी सीट शोधत नाहीत. पुढच्या दांड्याला धरून सगळ्या बसकडे तोंड करतात, डोक्यावरचा पोपटी फेटा सारखा करतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "रामराम मंडळी. मी भुजंग. मी हाय, मेलो न्हाई."

क्लासला निघालेली पोरं कानातली बोंडं काढून एकमेकांकडे बघतात. नवखी बाई पोराला जवळ ओढते. रोजचे प्रवासी मात्र "बरं झालं काका" म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. कंडक्टर विचारतो कुठलं देऊ, त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "शेवटचं." मग ते खिडकीशी बसतात, फेट्यासकट डोकं बाहेर काढतात आणि बस जिथं संपते तिथंपर्यंत जातात. तिथं उतरून एक चक्कर मारतात, चारदोन माणसांना आपण जिवंत असल्याचं कळवतात आणि त्याच बसने परत येतात. दुसऱ्या दिवशी दुसरी बस. सगळ्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

काका माझे शेजारी. गोलाईमागच्या गल्लीत आमच्या दोन घरांत भिंत एकच. उभी हयात डाळ मिलच्या मशीनवर गेल्यामुळे त्यांचा आवाज मशीनच्या वरचा आहे. आमच्या गल्लीत घरटी दोन-चार डॉक्टर होऊ घातलेली पोरं भाड्याने राहतात, त्यामुळे इथे कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजते. काकांना मात्र कोणी काही म्हणत नाही. जो माणूस रोज सकाळी आपण जिवंत असल्याचं सांगायला बाहेर पडतो, त्याला हळू बोला असं सांगायचं तरी कसं?

मधल्या थांब्यावर ते उतरत नाहीत म्हणजे नाहीत. माझ्या पुतणीच्या लग्नाला ते बसनेच निघाले होते. मी कार्यालयाच्या दारात अक्षता घेऊन उभा. बस समोर थांबली, काकांनी खिडकीतून मला हात केला आणि बसबरोबर पुढे निघून गेले. तासाभराने तीच बस उलटी आली, पुन्हा थांबली, पुन्हा त्यांनी हात केला आणि गोलाईकडे गेले. तिथून ते चालत आले तेव्हा मांडववाले खुर्च्या रचत होते. गार जिलबी खात त्यांनी मला समजावलं की शेवट गाठल्याबिगर उतरण्यात अर्थ नसतोय. मी म्हटलं, काका, लग्नाला यायचं होतं ना? तर म्हणाले, "हरवलेलं माणूस मधी उतरत न्हाई. कुठं उतरायचं ते ठाऊक असलं तर हरवलंच कशाला? त्याला शेवटाला उतरवतेत."

हरवली होती त्यांची मोठी बहीण, कौसाक्का. आणि ती का हरवली हे ऐकून हसावं की घाबरावं ते मला आजवर कळलेलं नाही.

झालं असं. एका दुपारी काका थांब्यावरच्या लिंबाखाली बसची वाट बघत उभे होते आणि एक कावळा येऊन त्यांच्या डोक्यावर बसला. नुसता चाटून गेला नाही, चांगला बूड टेकून बसला. काकांनी घरी येऊन ही गंमत म्हणून सांगितली. काकू देगलूरकडच्या. त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. कावळा डोक्याला शिवला की मरण माणसाला हेरून गेलं असं आपल्याकडे मानतात. त्यावर उतारा एकच. माणूस मेल्याची खोटी खबर रक्ताच्या नात्यात धाडायची. त्यांनी मनापासून रडायचं. रडणं झालं की मरणाला वाटतं काम उरकलं आणि ते माघारी जातं. मग खरी खबर द्यायची, सगळ्यांनी हसायचं, गोडधोड करायचं.

प्रश्न एवढाच होता की रडणार कोण. मुलगा पुण्याला. तो रडण्याऐवजी गाडीचं तिकीट बघेल. मेहुणा आधी खात्री करून घेईल. तेव्हा काकूंनीच कौसाक्काचं नाव काढलं. उमरीकडच्या एका खेड्यात एकटी राहणारी बालविधवा. काकांना आई आठवत नाही, कौसाक्काच आठवते. आणि तिचं रडणं पंचक्रोशीत नावाजलेलं. शेजाऱ्याची म्हैस मेली तर ती अशी रडली होती म्हणे की म्हशीचा मालक तिची समजूत काढत बसला.

तिच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या घरी फोन केला, भुजंग गेला म्हणून सांगितलं. ठरल्याप्रमाणे थोड्या वेळाने दुसरा फोन केला, खोटं होतं म्हणून सांगा. शेजारी म्हणाला, "लई रडली बघा. आन् तशीच निघाली बी. जीपनं उमरीला गेली असंल आता."

सगळे हसले. येऊ द्या म्हणाले, आल्यावर भावाला बघून धपाटे घालील. काकूंनी पुरण शिजत घातलं. काका दाढी करून, धुतलेले कपडे घालून दारात बसले. उमरीहून नांदेड, नांदेडहून लातूर. संध्याकाळपर्यंत यायला हवी होती. ती आली नाही. काका स्टँडवर गेले. एक रसवंतीवाला म्हणाला, एक म्हातारी ऊर बडवत आली होती, भावाच्या मयताला जायचंय म्हणत होती. कोणीतरी दया येऊन तिला शहर बसमध्ये बसवून दिलं. कोणत्या, ते त्याने पाहिलं नव्हतं. काकांनी मधे घर बदललेलं, ते तिला ठाऊकच नव्हतं.

पोलिसांत झालं, पेपरात झालं. तिचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात पदर कपाळाच्या खाली ओढलेला. नाक तेवढं दिसत होतं. नाकावरून माणूस कसं सापडणार?

तेव्हापासून काका बस धरू लागले. फेटा पोपटी, कारण लांबून दिसतो. नाव मोठ्याने सांगायचं, कारण डोळ्यांनी नाही तर कानांनी तरी तिला कळावं. पण रात्रंदिवस त्यांना खात होतं ते वेगळंच. एकदा ओट्यावर बसले असताना ते मला म्हणाले, "मरण असं माघारी जात नसतंय. त्यानं पत्ता बदलला असंल. माझ्यावरचं तिच्यावर गेलं असंल तर?" एवढं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मी चहा मागवला.

मग बातम्या येऊ लागल्या.

पहिली आली हरंगुळच्या बाजूने. तिथे एका घरी मयत झाली होती. एक अनोळखी म्हातारी आत शिरली, भावा रे भावा रे म्हणत रडली आणि गर्दीत निघून गेली. घरच्यांना वाटलं आजोळची असेल. आजोळच्यांना वाटलं शेजारची असेल. रडणाऱ्या बाईला तू कोण म्हणून कोण विचारतं? महिनाभराने बाभळगावकडून तेच ऐकू आलं. मग पाखरसांगवीकडून. दर वेळी बसचं शेवटचं टोक, दर वेळी मयताचं घर. काकांच्या हिशोबाने म्हातारी गोलाईहून बसत होती, बायकांना तिकीट नसल्यामुळे तिला कोणी हटकत नव्हतं, आणि शेवटाला उतरवलं की जिथं रडणं ऐकू येईल तिथं ती भावाचं घर समजून जात होती. तेराव्याच्या पंगतीत जेवत असावी. देवळात निजत असावी. काका पोचायचे तेव्हा ती निघून गेलेली असायची.

काकांना मात्र आनंद. "रडली म्हंजे हाय," ते म्हणायचे. मयताच्या घरून येताना हा माणूस वाटेत पेढे घ्यायचा आणि गल्लीभर वाटायचा.

गल्लीला तो पेढा गोड लागेना. कारण तिचं तोंड कोणालाच आठवत नव्हतं. रडणं सगळ्यांना आठवायचं, तोंड कोणाला नाही. आमचा न्हावी दाढी करता करता मला म्हणाला की ती कधीच गेली असेल, आता नुसतं रडणंच फिरून राहिलंय. वस्तरा गळ्यावर असल्यामुळे मी वाद घातला नाही.

माझाही विश्वास नव्हताच. पण एकदा भर दुपारी मी काकांबरोबर गेलो. बसमध्ये आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. तरी काकांनी रिकाम्या सीटांकडे तोंड करून रामराम घातलाच. बाहेर ऊन असं की रस्ता हलत होता. ड्रायव्हर मला हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक सांगू का? कधीकधी मागच्या सीटवरून हुंदका येतोय. आरशात बघावं तर पदर दिसतोय. शेवटाला गाडी लावून मागं बघावं तर कोण न्हाई." कंडक्टरने मान हलवली. मागच्या दाराने कोण उतरतं हे त्यालाही कधी दिसलं नव्हतं. मी परतीच्या वाटेत ड्रायव्हरच्या अगदी मागे बसलो आणि मान वळवली नाही. काका मागच्या सीटवर जाऊन बसले. हाताने सीट चाचपून बघत होते, गरम आहे का म्हणून. उन्हाळ्यात सगळ्याच सीटा गरम असतात.

यानंतर काही महिन्यांनी माझे वडील गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सकाळचा चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर येईपर्यंत गेले.

थोरल्या मुलाला रडायला सवड नसते. फोन करा, गुरुजी बोलवा, कोण कुठवर पोचलं ते विचारा. नानांना बैठकीत ठेवलं होतं, भोवती बायका बसल्या होत्या. बाहेर अंगणात पुरुष होते आणि काका तिरडी बांधत होते. गल्लीतल्या सगळ्या तिरड्या तेच बांधतात. त्यांच्या गाठी सुटत नाहीत.

मी फोनवर बोलत असताना बायको आतून आली. "ती उशाशी बसलेली म्हातारी आपल्यातली कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, नांदेडच्या आत्यांबरोबर आली असेल. बायको म्हणाली, "मग ती नानांना भुजंगा का म्हणून राहिली?"

दारात उभं राहून मी ऐकलं. सगळ्यांच्या आवाजाखाली एक जुना, घासलेला आवाज होता. "भुजंगा रे, तुला कडेवर घेऊन नदी उतरले, आन् तू माझ्या आधी कसा रे गेलास." आत त्याच्या नावाने रडणं चाललं होतं आणि तो माणूस दहा पावलांवर बांबूला सुतळी आवळत होता. ऐकायला जरा कमीच येतं त्यांना.

मी त्यांच्याजवळ गेलो आणि कानाशी वाकून सांगितलं. काकांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. ते उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आत पाऊल टाकेनात. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की दुखलं.

"तुमाला बी दिसून राहिली नं?" त्यांनी विचारलं. "का मलाच?"

मला दिसते आहे म्हणून मी सांगितलं. माझ्या बायकोलाही दिसते आहे. तेव्हा ते आत गेले. रामराम नाही, नाव नाही, काही नाही. बायकांनी वाट दिली. ते तिच्यासमोर मांडी घालून बसले, नानांच्या या अंगाला ते आणि त्या अंगाला ती.

म्हातारी नुसती काटकी झाली होती. तिने मान वर केली. काकांकडे पाहिलं, मग नानांच्या तोंडाकडे, पुन्हा काकांकडे. हात लांब करून तिने काकांचा कान चिमटीत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग तिने पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "मग हे कोण हाय रे?"

"आमचे शेजारी," काका म्हणाले. "लई चांगला माणूस. हा त्यांचा थोरला."

कौसाक्का माझ्याकडे वळली. मी फोन हातात घेऊन उभा होतो.

"तुझ्या बापापाशी बसून मी दुसऱ्याचंच रडले रे," ती म्हणाली. "ये. बस हितं. आता त्याचं रडू."

मी बसलो. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. तीही रडली, आता नानांचं नाव विचारून घेऊन.

नानांना उचललं तेव्हा गल्ली खांदा द्यायला पुढे आली. भुजंगकाका उठले नाहीत. ते तिथेच रिकाम्या बैठकीत बहिणीच्या पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. मी जाताना मागे वळून पाहिलं, तर ते मला म्हणाले, "तुमी या जाऊन. मी हिला सोडून कुठं जात न्हाई."