तात्यांनी ओळखलेला भाचा

अंथुर्ण्याच्या सोपानतात्यांनी रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना कृष्णधवल विनोदी सिनेमा पाहिला. त्यात इस्टेटीवर हक्क सांगायला आलेला सुटाबुटातला भाचा तोतया निघतो आणि मळक्या कपड्यांतला त्याचा गडीच खरा वारस ठरतो. सारं घर हसत होतं. तात्या तेवढे अभ्यास करत होते. डाळिंबाच्या बागेवरून त्यांचा सख्ख्या भाच्याशी इंदापूरच्या कोर्टात दावा चालू होता, आणि तो शंभूराज मंगळवारी भेटायला येणार होता. बहीण इंदूरला दिलेली. ती गेल्याला वर्ष झालं होतं. भाच्याला तात्यांनी पाहिलं होतं ते पाळण्यात.

मंगळवारी दारात गाडी थांबली. गॉगल लावलेला एक गोरागोमटा तरुण उतरला.

"मामा, मी शंभूराज," म्हणत तो पाया पडायला वाकला.

तात्या मनात हसले. सिनेमातला तोतयाही अस्साच वाकला होता. मग त्यांची नजर मळक्या शर्टातल्या ड्रायव्हरकडे गेली.

"तात्या, गाडी हितं सावलीला लावू का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ऐकलंस?" तात्या बायकोच्या कानाशी लागले. "इंदूरात वाढला, पर बोली आपलीच. रक्त बोलतंय!"

"आवं, त्यो बारामतीच्या स्टँडवरनं भाड्यानं आणलेला भीमा हाय. त्योच सांगतोय की," सरुबाई म्हणाल्या.

"सांगणारच! परीक्षा बघतोय आपली. तुला सिनेमातलं काय कळतंय? मटण वाढ त्याला."

भीमाला पलंगावर बसवलं, पाठीशी लोड दिला. शंभूराजला ओट्यावर कालची भाकरी मिळाली, वर बादली आणि फडकं. "गाडी पुसून घे," तात्यांनी फर्मावलं. काही झालं तरी भांडायचं नाही असं ठरवून आलेला तो बिचारा मुकाट्यानं काच पुसू लागला. भीमानं दोनदा "तात्या, आवं मी..." असं सुरू केलं होतं, पण ताटात नळी पडली, आणि नळीपुढं सत्याचं काय चालणार?

"भाचेराव," तात्या लोण्याहून मऊ झाले, "बागेपायी कोर्टात कशाला भांडायचं? तुमचा हिस्सा सोडा की आमाला."

"सोडला!" नळी चोखत भीमा म्हणाला.

तात्यांचे डोळे भरून आले. ते ओट्यावर येऊन शंभूराजला म्हणाले, "बघ, याला म्हणत्यात दिलदारी!"

शंभूराजनं फडकं बादलीत टाकलं आणि मोबाईलवरचा फोटो पुढं धरला. त्यात तो होता, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याची आई.

"आगं बया! ह्या तर वन्सं!" सरुबाई ओरडल्या.

तात्या एकदा फोटोकडं, एकदा शंभूराजकडं बघू लागले.

"आई जाताना म्हणाली होती, भावाशी भांडू नकोस," शंभूराज शांतपणे म्हणाला. "मामा, मी दावा मागे घ्यायलाच आलो होतो."

"मग घे की रं लेकरा!"

"होतो म्हणालो. आता कोर्टातच भेटू."

तो गाडीत जाऊन बसला. तृप्त होऊन भीमा उठला, हात धुतले, आणि खांबाला टेकून बसलेल्या तात्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "तात्या, तुमी काय बी काळजी करू नका. त्यो काय बी म्हणू द्या, माझा हिस्सा तुमाला दिला म्हंजे दिला!"