सुभेदारांची काठी आणि आक्काचं कुंकू

कोरोनाच्या त्या वर्षी आमच्या मलकापूरच्या गल्लीत नमस्काराआधी काठी यायची. निवृत्त सुभेदार जाधव काठीचं एक टोक स्वतःच्या छातीला लावायचे, दुसरं समोरच्यावर रोखायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोला." काठीच्या आत पाऊल पडलं की शिट्टी. आमच्या ह्यांनी एकदा जांभई द्यायला मास्क खाली केला, तर "मास्क वर! हुकूम म्हंजे हुकूम!" अशी गर्जना झाली की जांभई अर्ध्यातच राहिली.

सरळ रेषेचं या माणसाला भारी वेड. दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, भाजीच्या गाडीपुढची रांग, सगळं ओळंब्यात हवं. दारावरची पाटीही तशीच तोलून मापून लावलेली: सुभेदार द. रा. जाधव. 'द' म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "द म्हंजे दक्ष," असं म्हणून ते चालायला लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आसामात फौजेत. हुकूम सोडायला घरात कोणी नाही म्हणून त्यांनी गल्ली धरली, अशी आम्ही चेष्टा करायचो.

दसऱ्याला तर त्यांनी आपट्याची पानं साबणाच्या पाण्यातून काढून कुंपणावर वाळत घातली. "सोनं घ्या, पर गळ्यात पडू नगा." सोनं धुऊन देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग ताप आमच्याच घरात शिरला. दार बंद झालं, शेजारच्या खिडक्याही बंद झाल्या. सकाळी शिट्टी वाजली. "मास्तरीणबाई, हजेरी!" मी खिडकीतून "हजर" म्हटलं. काठीच्या टोकाला दूध आणि औषधांची पिशवी लटकत होती. मग हे रोजचंच झालं. एके दिवशी माझं "हजर" ऐकून ते थबकले. "आवाज खाली आलाय तुमचा. डाक्तरला फोन लावतो." तो फोन वेळेवर झाला म्हणून आज मी हे लिहायला आहे. गल्लीत जिथे जिथे आजार होता, त्या प्रत्येक दारात हा माणूस हजेरी घेत फिरायचा.

मी हिंडू-फिरू लागले तोवर दिवाळी आली. भाऊबीजेला गल्लीच्या तोंडाशी वडापची, माणशी भाडं घेणारी जीप थांबली आणि सुभेदारांची थोरली बहीण, कडेगावची आक्का, करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताम्हण घेऊन उतरली. सुभेदारांनी काठी आडवी धरली.

"तिथंच थांब, आक्का. म्होरं येऊ नगंस."

"सख्ख्या भनीला काठी दावतोस व्हय रं, दगड्या?"

'द'चा उलगडा झाला, पण कोणी हसलं नाही. हुकमापायी हा माणूस म्हाताऱ्या बहिणीला तशीच परत पाठवतोय की काय, म्हणून मला त्यांचा संताप आला.

सुभेदार म्हणाले, "रोज आजाऱ्यांच्या दारात जातोय मी. माझ्यापासनं तुला कायतर झालं तर? मला दगड्या म्हननारं आता दुसरं कोन हाय, आक्का?"

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या पाठची दोन पोरं जगली न्हाईत. ह्यो तरी टिकावा म्हनून आईनं दगडू नाव ठेवलं," ती आम्हा सगळ्यांना सांगत होती. मग तिनं जागेवरूनच ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन विझलं, तिनं पुन्हा पेटवलं. कुंकवाचा करंडा पिशवीत घालून काठीला अडकवला. सुभेदारांनी पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच्याच बोटानं कपाळावर कुंकू ओढलं.

"वाकडं लागलंय रं. पूस, सरळ वढ."

"ऱ्हाऊ दे."

काठीवरून करंज्या आल्या, काठीवरूनच आक्काला ओवाळणीचं लुगडं गेलं. लांबूनच तिनं भावाच्या नावानं कानशिलावर बोटं मोडली.

जीप निघून गेली तरी सुभेदार रस्त्याकडे तोंड करून उभेच होते. शेवटी मी हाक मारली, "सुभेदार, हजेरी!"

"हजर," ते म्हणाले. आवाज फार खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिट्टीआधी मीच खिडकी उघडून त्यांची हजेरी घेतली. कपाळावर ते वाकडं कुंकू तसंच होतं.